बरणीतलं ‘अजगराचं पिल्लू’ आणि तलावाकाठची अकरावीतली मुलगी

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, मामा (माजी मालगुजारी) तलावाला लागून. लहानपणापासून मला साप, बेडूक, सरडे, कासवं यांचा नाद आहे. सध्या माझ्याकडे बादलीत दोन पिवळे बेडूक, सिमेंटच्या टाक्यात एक कासव आणि प्लास्टिकच्या बरणीत अजगराचं पिल्लू आहे. पिल्लू तणसाच्या ढिगाखाली सापडलं. वीतभर लांब, तपकिरी, पाठीवर गोल ठिपक्यांच्या तीन ओळी. बरणी हलवली की ते कुकरच्या शिटीसारखा आवाज करतं. त्याला काय खाऊ घालू? आणखी जाती कुठे आणि कशा शोधू? सर्पमित्र व्हायला काय करावं लागेल? आईबाबा म्हणतात, हा नाद सोड.

उत्तर :

बेटा, बाकीचं नंतर वाच. आधी बरणीपासून दूर हो. झाकण उघडू नकोस, हवेसाठी भोकं पाडली असशील तर त्यांवर बोट ठेवू नकोस, कुणाला आवाज ऐकवायला बरणी हलवू नकोस. लहान भावंडांचा हात पोचणार नाही अशा खोलीत, सावलीत, जमिनीवर ती राहू दे. दाराला कडी लाव आणि बाबांना सांग. मग गावच्या वनरक्षकाला बोलवा. त्यांचा नंबर नसेल तर वनविभागाचा १९२६ लावा. तू जे वर्णन केलं आहेस ते घोणशीच्या पिल्लाचं आहे. आपल्याकडे जिला परड म्हणतात, ती.

फोटो न पाहता मी इतकं ठाम का बोलतो, ते सांगतो. अजगराचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हाच दीड फुटाच्या आसपास असतं. वीतभर अजगर नसतोच. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेताला वीस-चाळीससुद्धा, आणि ती जन्मतात तेव्हा वीतभरच असतात. आत्ताचे दिवसही त्यांचेच आहेत. ठिपक्यांचंही तसंच. घोणशीचे ठिपके साखळीच्या कड्यांसारखे, काळ्या कडांचे, तीन रांगांत असतात. अजगराच्या अंगावर नकाशातल्या तालुक्यांसारखे वेडेवाकडे तुकडे असतात आणि कातडी गुळगुळीत, चकचकीत दिसते. घोणशीच्या प्रत्येक खवल्यावर बारीक कणा असतो, म्हणून ती खरबरीत, मातकट वाटते. आणि ती शिटी. अजगरही फुसफुसतो, पण कुकरची आठवण आली की मला दुसरं नाव सुचत नाही.

पिल्लू लहान आहे म्हणून विष कमी असेल, असं समजू नकोस. जन्मल्या क्षणापासून त्याच्याकडे दात आहेत आणि विषही आहे. आणि एक सापडलं म्हणजे त्याच ढिगाखाली त्याची भावंडं असू शकतात. ढोरांना तणस टाकायला आई रोज तिथे हात घालत असेल. आजपासून तणस आधी दाताळ्यानं ओढून मोकळं करायचं आणि मग उचलायचं. पायात बूट हवेतच.

हे सगळं इतक्या कळवळ्यानं लिहितो त्याला कारण आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये गुरांच्या एका कोठ्यातून पकडलेली घोणस मी कापडी पिशवीत घातली होती. तोवर माझी साप पकडण्यात दहा वर्षं गेली होती. पिशवीचं तोंड बांधताना ती हाताला टेकली. कापडातून एकच दात लागला. चाळीस मिनिटांत रुग्णालयात पोचलो. तिथे माझं रक्त काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटं ठेवलं, ते गोठलंच नाही. घोणशीचं विष रक्ताची गोठायची ताकद संपवतं, त्याची ही साधी पारख आहे. प्रतिविष मिळालं म्हणून वाचलो, तरी मूत्रपिंडं थकली, नागपुरात चार वेळा डायलिसिस झालं. डाव्या हाताची करंगळी आजही वळत नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. पिल्लाला काय खाऊ घालू? काहीच नाही. ते ठेवायचंच नाही. कासवही नाही, बेडूकही नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातले साप, घोरपड, कासव पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे. अजगर, घोरपड आणि आपल्या तलावातलं मऊ पाठीचं कासव तर पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आहे. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. वनरक्षक बरणी न्यायला येतील तेव्हा टाक्यातलं कासवही दाखव आणि मिळालं कसं ते खरं सांग. शिकाऊ पोरीनं स्वतःहून दिलेल्या प्राण्यासाठी तिच्यावर रागावलेला वनरक्षक मी तरी पाहिलेला नाही.

पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण बरणीतल्या सापाकडून तू काही शिकणार नाहीस. तो फक्त घाबरलेला साप असतो. तुझ्या बादलीतले दोन बेडूक घे. ते आपले मोठे रानबेडूक, नर. पहिल्या पावसात ते लिंबासारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. तो रंग मादीसाठी असतो, मोजक्या दिवसांचा. बादलीत तो उतरतो आणि तुझ्याकडे दोन मळकट, भिंतीवर डोकं आपटणारे जीव उरतात. तेच बेडूक धानाच्या बांधीतल्या पाण्यात पाहिलेस तर एकमेकांना ढकलतील, एकमेकांवर उड्या मारतील, रात्रभर डरावतील आणि सकाळी पाण्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची अंडी पसरलेली दिसतील. कासवाचंही तेच. आपल्या कासवाच्या पोटाकडच्या कवचाला मागच्या पायांपाशी दोन झडपा असतात. पाय आत ओढले की ते त्या मिटून घेतं. उन्हाळ्यात बोडी, म्हणजे छोटा तलाव, आटली की ते चिखलात गाडून घेऊन पावसाची वाट पाहतं. सिमेंटच्या टाक्यात ना चिखल, ना नीट ऊन. तिथे त्याची पाठ सडते.

मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा बेडूकमासे पाळायची माझीही हौस होती. एका घमेल्यात चार डबक्यांतले बेडूकमासे एकत्र केले. आठवड्यात मोठेच तेवढे उरले. रानबेडकाचे बेडूकमासे मांस खातात, त्यांनी बाकीचे संपवले. ते कळायला माझ्या हातून शेदोनशे जीव गेले, आणि तीच गोष्ट डबक्याकाठी बसून अर्ध्या तासात दिसली असती.

तुला काही ठेवायचंच असेल तर एक जागा ठेव. शेताची राखण करतात तशी तिची राखण कर. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, जिथे हातपंपाचं पाणी वाहून जातं तिथे, दोन हात लांब आणि हातभर खोल खड्डा खण. एका बाजूचा काठ उतरता ठेव, म्हणजे पिल्लं बाहेर चढू शकतील. तळाला चिकणमाती दाब. त्यात मासे सोडू नकोस, गप्पीही नको, ते बेडकांची अंडी आणि पिल्लं खातात. कडेला फुटका माठ आडवा अर्धा पुरून ठेव. भेक, म्हणजे अंगावर फोडफोड असलेला तो मोठा बेडूक, त्याच्या आत राहायला येईल. पाऊस नीट लागला की तुला काही आणावं लागणार नाही. भेकाची अंडी ओळखायला सोपी, चिकट पारदर्शक दोरीत मोत्यांसारखी ओवलेली असतात. झाडबेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा टाकीच्या भिंतीला फेसाचा गोळा चिकटवते, अंडी त्यात असतात, आणि बेडूकमासे फेस ओघळला की खाली पाण्यात पडतात. बारीक तोंडाच्या छोट्या बेडकाचे बेडूकमासे इतके पारदर्शक की आतलं आतडं दिसतं. दर दोन दिवसांनी वहीत लिही, अंडी कधी दिसली, पाय कधी फुटले, शेपूट कधी गेली. डासांच्या अळ्या झाल्या आणि बाकी काहीच नसेल तर पाणी काढून टाक. बाबा फवारणी करून आले असतील त्या दिवशी पंप तिथे धुऊ देऊ नकोस. बेडूक कातडीतून पाणी आणि हवा घेतो, म्हणजे पाण्यात जे असेल ते सरळ त्याच्या अंगात जातं. याच कारणानं औषधाच्या, ओडोमॉसच्या किंवा मिठाच्या हातानं त्याला शिवू नये.

शोधायचं कुठे, या प्रश्नात तू नशीबवान आहेस. सह्याद्रीत लोक दूरदुरून बेडूक पाहायला जातात. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव, बोड्या, धानाच्या बांध्या आणि त्यांच्यामधले बांध, म्हणजे धुरे, हे सगळं बेडकांचं गावच आहे. पण ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या पट्ट्यात तलावाच्या पाळीवर रात्री जायचं नाही. वाघ तिथे पाणी प्यायला येतो, हे तुला मी सांगायला नको. रात्री शेतात जागलीला गेलेल्या माणसांचं काय होतं ते आपण दरवर्षी ऐकतो. बेडकांसाठी पाळीवर जाण्याची गरजही नाही. अंगणात बाज टाकून कान लाव.

रानबेडूक नाकातून ओरडल्यासारखा जड डरांव करतो, तो तुला माहीतच आहे. कंगव्याच्या दातांवरून कुणी नख ओढतं आहे असा कोरडा, करकरीत आवाज एकामागून एक येत राहिला तर तो नखाएवढा बारीक तोंडाचा बेडूक. एवढ्याशा जिवाचा इतका आवाज येतो यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. झाडावरून किंवा न्हाणीच्या भिंतीवरून लाकडावर ठोकल्यासारखं टक-टक-टक आलं तर झाडबेडूक. भेकाचा आवाज लांब, कुर्रर्र असा चालू राहतो, मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. आणि पावसाच्या पहिल्या दोन-तीन रात्री पाण्यावर फुग्यासारखे तरंगत ओरडणारे गोल बेडूक येतात. ते वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली असतात, वाळवी खाऊन जगतात. चुकले की पुढच्या वर्षी. मोबाइलवर रोज रात्री एकाच वेळी, एकाच जागेवरून पाच मिनिटं रेकॉर्ड कर. तारीख, वेळ, पाऊस पडला का, किती वेळ पडला, हे लिही. एका पावसाळ्यात तुझ्याकडे गावाची जी नोंद तयार होईल ती दुसऱ्या कुणाकडे नसेल.

दिवसाचं शोधणं वेगळं. बूट, हातात लांब काठी, सोबत एक जण आणि डोळे. दगड किंवा लाकूड बोटांनी उचलायचं नाही. काठीनं आपल्या बाजूला उलटवायचं, म्हणजे खालचं जनावर आपल्यापासून दूर पळेल, आणि पाहून झालं की पुन्हा होतं तसं ठेवायचं, कारण ते कुणाचं तरी घर आहे. मोकळ्या माळरानावर उन्हाळ्यात एका दगडावर बसून राहा. गळ्याखालची झालर पंख्यासारखी उघडझाप करणारा छोटा सरडा दिसेल. सरडगुहिरा (शॅमेलिअन) हळू झुलत पानासारखा चालतो. लोक त्याला विषारी म्हणतात, तो नाही. आपल्या देशातली एकही पाल विषारी नाही. ठिपक्यांची, जाड शेपटीची बिबट्या पाल दिसली की गावात तिला ठेचतात, आणि सातपुड्यातली तिची एक जात विज्ञानाला २०१४ साली नव्यानं माहीत झाली, म्हणजे किती पाहायचं राहिलं आहे याचा अंदाज कर. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसल्या की लोक त्यांचं लगन म्हणून वर नवं कापड टाकतात. ते दोघेही नर असतात, जागेसाठी आणि मादीसाठी त्यांची झोंबी चाललेली असते. दुरून पाहा, अर्धा तास चालते कधीकधी.

सापांचा अभ्यास मात्र जोड्यांनी कर. माणसं अशा जोड्यांत गफलत झाली म्हणूनच मरतात. घोणस आणि अजगर ही एक जोडी, ती तू स्वतःच पाहिलीस. घोणस आणि डुरक्या ही दुसरी. डुरक्या बिनविषारी, आखूड, शेपूट एकदम छोटी, डोकं मानेपासून वेगळं कळत नाही, ठिपके एकमेकांत मिसळलेले. मण्यार आणि कवड्या ही सगळ्यात घातक जोडी. दोघांच्या अंगावर पांढरट आडवे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, बऱ्याचदा दोन-दोनच्या जोडीनं, आणि शेपटीकडे ठळक होतात. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे, षटकोनी असतात. हे खवले पाहायला तिच्या जवळ जायचं नसतं. मोबाइलनं लांबून झूम करून फोटो काढ, घरी बसून पाहा. धुऱ्यावर पडलेली कात मिळाली तर ती जागेवरच बसून निरख, खवल्यावर कणा आहे की नाही ते तिच्यावर स्वच्छ दिसतं. फक्त कात ताणलेली असते, साप तिच्यापेक्षा आखूड असतो. रस्त्यावर मेलेला साप दिसला तर हात लावू नकोस. डोकं तुटल्यावरही घोणस, नाग काही वेळ चावू शकतात.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत जा. तिथे जाणकार नाव सुचवतात आणि तुझी नोंद नकाशावर जाते. पण घोरपडीची किंवा मांडुळाची नेमकी जागा उघड करू नकोस. आणि गावात ‘ही पोरगी साप ओळखते’ असं पसरलं की एक दिवस कुणीतरी येऊन विचारेल, मांडूळ दाखव, लाखो रुपये देतो. गुप्तधन, औषध, काहीही सांगतील. सगळं खोटं आहे, त्या वाटेला गेलेली पोरं मी पोलीस ठाण्यात बसलेली पाहिली आहेत. असा माणूस आला की घरी आणि वनरक्षकाला सांग.

कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर काय करायचं ते तुझ्या घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या काढायच्या, चावलेला हात-पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जायचं. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. मण्यारीचं विशेष लक्षात ठेव. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे अपचन समजून बसतात. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणं, एवढ्यानं कितीतरी जीव वाचतात. २००० ते २०१९ या काळात भारतात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशानं गेली असा अंदाज आहे, त्यातली बहुतेक खेड्यांतली.

म्हणून सर्पमित्र व्हायचं म्हणतेस त्याला माझं उत्तर आत्ता नाही असं आहे. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत एकाही सापाला हात नाही. नंतरही वनविभागाकडे नोंद असलेल्या, हुक आणि पाइपला जोडलेली पिशवी वापरणाऱ्या माणसाच्या हाताखाली वर्षभर नुसतं उभं राहायचं. मोबाइलवर नागाला हातात धरून, चुंबन घेऊन दाखवणारे दिसतात, त्यांना गुरू करू नकोस. त्यातले काही आता हयात नाहीत. पकडलेला साप लांब जंगलात नेऊन सोडणं हेही चांगलं काम नसतं. अनोळखी जागेत तो भटकत राहतो, उपाशी राहतो. पुष्कळदा कोठ्यातली धामण तिथेच राहू देणं आणि घरच्यांना ती का हवी ते समजावणं, हेच खरं काम असतं. ते तू आजही करू शकतेस. धामण ढोराचं दूध पिते म्हणणाऱ्या आजीला विचार, सापाला ओठ असतात का? ओठांशिवाय आचळ चोखता येत नाही. तिच्या तोंडातले मागे वळलेले दात आचळाला लागले तर गाय उभी राहील का? धामण कोठ्यात येते ती उंदरांसाठी.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात. बारावीला जीवशास्त्र सोडू नकोस. प्राणिशास्त्रात बीएस्सी कर. त्यानंतर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) वन्यजीवांचं एमएस्सी आहे, दोन्हीकडे प्रवेश परीक्षा कठीण असतात. वनरक्षक भरती बारावीवर होते, तीही वाईट वाट नाही. मी पाहिलेले काही उत्तम निरीक्षक गणवेशातले होते. इंग्रजी वाचनाचा सराव मात्र आत्तापासून कर, जातींची वर्णनं बहुतेक त्याच भाषेत आहेत.

आईबाबांना नाद नको वाटतो, त्यात त्यांची चूक नाही. घरात बरणीत परड होती हे त्यांना कळल्यावर ते आणखी चिडतील. चिडू दे. मग खड्डा खणायला बाबांनाच बोलव आणि वहीत पहिली नोंद आईला सांगायला लाव, कारण पऱ्हे उपटताना, रोवणी करताना तिनं जितके बेडूक आणि साप पाहिले असतील तितके तू अजून पाहिलेले नाहीस. ‘पाणी येणार असलं की अमुक बेडूक आधी ओरडतो’ असं ती काही सांगेल, ते तिच्याच शब्दांत उतरव आणि मग तुझ्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहा.

बेडूक आजच संध्याकाळी जिथून आणलेस त्याच बांधीत सोड, अंधार पडायच्या आत आणि कुणाला तरी सोबत घेऊन. आणि बरणी वनरक्षकाच्या हातात गेली की मला दोन ओळी लिही. तोवर माझा जीव त्या खोलीच्या कडीत अडकलेला आहे.